टर्बोची धग झेलणारा अभियंता
टर्बोचार्जर असलेल्या मोटारीचे बॉनेट लांबच्या प्रवासानंतर उघडले, की धगीचा पहिला झोत येतो तो शंखाच्या आकाराच्या एका छोट्या लोखंडी कवचातून. इंजिनाने बाहेर टाकलेला, आठशे-नऊशे अंश सेल्सिअस तापमानाचा वायू त्यातील चाक फिरवतो आणि त्याच दांड्यावरचे दुसरे चाक इंजिनात जादा हवा कोंबते. कल्पना स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्युखी यांची, पेटंट १९०५ चे. पण या धगीशी दीर्घकाळ झुंजले ते अमेरिकेचे डॉ. सॅनफर्ड मॉस.

१८७२ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे जन्मलेल्या मॉस यांनी सोळाव्या वर्षी यंत्रशाळेत उमेदवारी केली. शिक्षण त्यानंतरचे. १९०३ मध्ये गॅस टर्बाइनवरील संशोधनासाठी कॉर्नेल विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट दिली आणि ते जनरल इलेक्ट्रिक कंपनीत रुजू झाले. तेथील त्यांचे गॅस टर्बाइन इंधन भरपूर खाई, शक्ती मात्र नाममात्र देई. १९०७ मध्ये कंपनीने तो नाद सोडला.

पहिल्या महायुद्धाने हे अपयश कामी आणले. उंचावरील विरळ हवेत विमानांची इंजिने धापा टाकत. फ्रान्समध्ये रातो यांनी टर्बोचा उपाय योजला होता, पण तप्त वायूपुढे टर्बाइनचे चाक टिकवणे हीच खरी कसोटी होती. मॉस यांनी चाक आच्छादनात न दडवता विमानाबाहेरील वाऱ्याच्या झोतात उघडे ठेवले. उपाय साधा, म्हणूनच इतरांना सुचायला अवघड असावा! १९१८ मध्ये लिबर्टी इंजिन ट्रकवर लादून त्यांनी कोलोरॅडोतील पाइक्स पीक हे चौदा हजार फुटांहून उंच शिखर गाठले. समुद्रसपाटीला सुमारे ३५० अश्वशक्ती देणारे इंजिन तेथे २३० वर घसरले. टर्बो जोडताच ३५६ वर पोचले. १९२० मध्ये मेजर श्रोडर यांनी याच तंत्राच्या बळावर ३३ हजार फुटांवर विमान नेले. प्राणवायू तुटून त्यांची शुद्ध हरपली, विमान कोसळू लागले, तरी ते सुखरूप उतरले.

१९३८ मध्ये निवृत्त झालेल्या मॉस यांना युद्धाच्या सावटाने पुन्हा कामावर आणले. १९४० ची कॉलियर ट्रॉफी त्यांना मिळाली. बी-१७ बॉम्बफेकी विमानांच्या इंजिनांखाली त्यांची चाके उघड्यावरच फिरत होती. पुढे पात्यांसाठी जो मिश्रधातू आला, तो दंतवैद्य कवळ्यांसाठी वापरत असत.

१९४६ मध्ये मॉस यांचे निधन झाले. टर्बो असलेली ओल्ड्समोबिल जेटफायर मोटार अमेरिकेत आली ती १९६२ मध्ये. तिच्या बॉनेटखाली ना तो वारा होता, ना मोकळी जागा. इंजिनात कोंबलेली तापलेली हवा थंड राखण्यासाठी पाणी आणि मिथेनॉलचे मिश्रण फवारले जाई. ते भरायला विसरणारे मालक इतके निघाले, की अनेकांनी टर्बोच काढून टाकला. आजच्या मोटारींत ही कामगिरी इंटरकूलर, पत्र्याची उष्णतारोधक ढाल आणि टर्बोभोवती खेळवलेले पाणी यांवर सोपवलेली असते.