थॉमस न्यूकोमेन आणि हवेच्या भारावर चालणारें यंत्र

इंद्रायणीच्या कांठीं इंदुरीचा भुईकोट किल्ला आहे. त्याचा दरवाजा आपण येतांजातां पाहतों. हा किल्ला सरसेनापति खंडेराव दाभाडे यांनीं १७२०–२१ च्या सुमारास बांधविला. शाहू महाराजांनीं त्यांस १७१७ सालीं सेनापतिपद दिलें होतें. १७२९ च्या सप्टेंबर महिन्यांत ते निवर्तले. त्याच काळांत, येथून हजारों कोस दूर, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील डार्टमथ नांवाच्या लहानशा बंदरांत लोखंडी सामानाचा एक दुकानदार राहत होता. खंडेराव वारले त्याच वर्षीं, अवघे दोन महिने आधीं, तोही वारला. दोघांस एकमेकांचें नांव ठाऊक असण्याचा संभव नाहीं. एकाच्या हुकुमांत मोठें घोडदळ होतें. दुसऱ्यानें घोड्यांचें काम घोड्यांवांचून करून दाखविलें. त्या दुसऱ्या गृहस्थाचें, म्हणजे थॉमस न्यूकोमेन यांचें चरित्र आज विद्यार्थ्यांपुढें ठेवावयाचें आहे.

न्यूकोमेन यांचा जन्म १६६४ सालचा. वयांत आल्यावर ते बाप्तिस्त मंडळीचे सभासद झाले. ही मंडळी इंग्लंडच्या राजमान्य चर्चपासून वेगळी निघालेली असल्यामुळें तिच्या लोकांस त्या काळीं सरकारी अधिकाराच्या जागा मिळत नसत, आणि ऑक्सफर्ड व केंब्रिज येथील विद्यापीठांची दारेंही त्यांस बंद होतीं. अशा लोकांनीं धंदा करावा, दुकान चालवावें, आणि रविवारीं आपल्या पद्धतीनें परमेश्वराची उपासना करावी, एवढेंच त्यांस मोकळें होतें. न्यूकोमेन यांनीं तेंच केलें. दिवसा लोखंड व अवजारें विकावीं, आणि मंडळींत वचनाचा उपदेश करावा. पुढें तर ते तेथील मंडळीचे पाळकच झाले. त्यांच्या राहत्या घरींच उपासना भरत असे. १७०५ सालीं हॅना वेमथ हिच्याशीं त्यांचा विवाह झाला व त्यांस तीन मुलें झालीं. याच बाप्तिस्त लोकांतून पुढें विल्यम केरीसाहेब हिंदुस्थानांत आले व त्यांनीं १८०५ सालीं श्रीरामपूर येथें मराठी भाषेचें व्याकरण छापून काढलें, हें येथें जातां जातां सांगावेसें वाटतें.

डार्टमथच्या आसपासच्या डेव्हन व कॉर्नवॉल प्रांतांत कथिलाच्या व तांब्याच्या खाणी होत्या. खाण जसजशी खोल न्यावी तसतसें तींत पाणी झिरपून भरे. आपल्याकडे विहिरीवर मोट चालवीत, तसे तेथें घोडे रहाटास जुंपून रात्रंदिवस पाणी उपसावें लागे. घोड्यांच्या चंदीपुढें धातूचें उत्पन्न पुरेना, आणि मग भरलेली खाण तशीच सोडून द्यावी लागे. खाणवाल्यांस अवजारें पुरवितांना न्यूकोमेन यांनीं हें सर्व पाहिलें असलें पाहिजे. या कामावर अग्नि लावतां येईल काय, असा विचार त्यांच्या मनांत आला आणि जॉन कॅली नांवाच्या नळ व कांचकाम करणाऱ्या कारागिराच्या साहाय्यानें ते प्रयोगास लागले.

येथें थोडें थांबून अग्नि काम कसें करतो हें पाहूं. एका ताटलींत पाणी घेऊन मध्यें मेणबत्ती लावावी व तिच्यावर कांचेचा पेला पालथा घालावा. ज्योत विझते आणि ताटलींतील पाणी पेल्यांत वर चढतें. प्राणवायु जळून गेल्यामुळें पाणी चढलें, असें पुष्कळदां सांगण्यांत येतें. परंतु मुख्य कारण निराळेंच आहे. ज्योतीनें तापलेली हवा फुगते, तिच्यापैकीं कांहीं पेल्याच्या कडेखालून बुडबुड्यांच्या रूपानें बाहेर निघून जाते, आणि उरलेली हवा निवतांच आक्रसते. मग बाहेरच्या हवेचा भार पाण्यास आंत ढकलतो. पोट दुखूं लागलें कीं पोटावर पेटती पणती ठेवून तिच्यावर तांब्या पालथा घालणाऱ्या आजीबाई आपल्या खेड्यापाड्यांतून असत. तांब्या पोटास घट्ट चिकटून बसे, तो याच कारणानें. कातडी आंत ओढली जाते असें आपण म्हणतों खरें, पण तांब्याच्या आंत ओढणारें कोणीच नसतें. ढकलणारी हवा बाहेर असते.

हा भार लहानसहान नाहीं. समुद्रसपाटीस दर चौरस इंचावर तो सुमारें पावणेपंधरा पौंड भरतो. सुमारें दोन हजार फूट उंचीवरील आपल्या मावळांत पावणेचौदाच्या आसपास. इटलींतील टॉरिचेली व जर्मनींतील गेरिके या विद्वानांनीं न्यूकोमेन यांच्या जन्मापूर्वींच तो मोजून व दाखवून दिला होता. अडचण एवढीच कीं हा भार सर्व बाजूंनीं सारखाच असल्यामुळें त्यापासून कांहीं काम होत नाहीं. एका बाजूची हवा काढून पोकळी केली तरच दुसऱ्या बाजूची हवा हलते आणि हलविते. पोकळी करण्याचा स्वस्त उपाय म्हणजे वाफ. पाण्याची वाफ झाली म्हणजे ती सोळाशे पटींहून अधिक जागा व्यापते. आणि तीच वाफ बंद भांड्यांत निववली कीं तिचें पुन्हां चार थेंब पाणी होऊन बाकी सारी जागा रिकामी पडते.

वाफेचा असा उपयोग करणारे न्यूकोमेन हे पहिले नव्हते. त्याच डेव्हन प्रांतांतील थॉमस सेव्हरी यांनीं १६९८ सालीं अग्नीच्या योगें पाणी चढविण्याचें हक्कपत्र मिळविलें होतें. त्यांच्या यंत्रांत वाफ निववून पाणी थेट भांड्यांत चढवीत व मग वाफेच्या जोरानेंच तें वर ढकलीत. परंतु हवेचा भार पाण्यास चौतीस फुटांपलीकडे चढवूं शकत नाहीं. मावळांत तर साडेएकतीस फुटांपर्यंतच, आणि प्रत्यक्षांत त्याहूनही कमी. विहिरीवर पंप बसविणारा मिस्त्री तो पाण्याच्या पातळीपासून फार वर बसवीत नाहीं, त्याचें कारण हेंच. त्यापलीकडे पाणी न्यावयाचें तर जोरदार वाफ पाहिजे, आणि त्या काळचे डाक लावलेले सांधे ती सहन करूं शकत नसत, ते फुटत. न्यूकोमेन यांनीं वाफेकडून जोराची अपेक्षाच सोडून दिली. वाफेनें फक्त जागा रिकामी करावी, जोर हवेनें लावावा, आणि तो पाण्यावर न लावतां एका दट्ट्यावर लावावा, अशी त्यांची योजना होती. वाफेनें दट्ट्या हलविण्याची कल्पना डेनिस पापिन या फ्रेंच विद्वानानें १६९० च्या सुमारास लहान नमुन्यावर दाखविली होती. खाणीवर चालेल असें यंत्र मात्र कोणीं केलें नव्हतें.

त्यांत त्यांचीं जवळजवळ दहा वर्षें गेलीं. प्रथम ते वाफ भरलेल्या नळकांड्यास बाहेरून थंड पाण्याचें वेष्टण देऊन तें निववीत. हें फार सावकाश होई. मग एके दिवशीं निराळेंच घडलें. ही हकीकत मार्टेन ट्रिवाल्ड या स्वीडिश गृहस्थानें नमूद केली आहे. तो न्यूकासल येथें अशा यंत्रावर काम करीत होता. नळकांड्याच्या ओतकामांत एक भोंक राहिलें होतें व तें डाकानें बुजविलेलें होतें. वाफेच्या उष्णतेनें तो डाक वितळला आणि बाहेरचें थंड पाणी एकदम आंत घुसलें. क्षणांत सर्व वाफ निवाली, आणि दट्ट्या इतक्या जोरानें खालीं आदळला कीं साखळी तुटली व खालच्या बंबाचें झांकण मोडून उकळतें पाणी चोहोंकडे उसळलें. कामाची नासाडी झाली, पण गुपित हातीं लागलें. तेव्हांपासून न्यूकोमेन यांनीं थंड पाण्याची चिळकांडी बुद्धिपुरस्सर आंत सोडण्यास सुरुवात केली.

ट्रिवाल्ड यास या अपघातांत सर्वसमर्थ देवाचा हात दिसला. डेझाग्युलियर्स नांवाच्या एका पंडितानें मात्र पुढें लिहून ठेवलें कीं, या दोघांस गणित किंवा शास्त्र कांहीं येत नव्हतें आणि त्यांस जें साधलें तें दैवयोगानें. मला यांतील दुसरा अभिप्राय अनुदारपणाचा वाटतो. डाक अनेकांचा वितळला असेल, पण त्या डाकापुढें दहा वर्षांच्या खटपटीचें नळकांडें मांडून ठेवलेलें नसेल. आणि पोकळींत हवा शिरूं नये म्हणून दट्ट्याच्या कडेस चामडें लावून वर पाण्याचा थर ठेवणें, यांसारख्या युक्त्या तरी कोणत्या दैवानें सुचविल्या?

पहिलें निश्चित माहीत असलेलें यंत्र १७१२ सालीं डडली कॅसलजवळच्या कोळशाच्या खाणीवर उभें राहिलें. कॉर्नवॉलमध्यें कोळसा महाग; येथें तो खाणीच्या तोंडाशींच पडलेला, म्हणून यंत्राचा खादाडपणा खपून गेला. दुमजली घराएवढ्या त्या इमारतींत खालीं भट्टी व तीवर बंब. बंबावर २१ इंच व्यासाचें, जवळजवळ आठ फूट उंचीचें नळकांडें, वरच्या बाजूस उघडें. त्यांतील दट्ट्या साखळीनें एका प्रचंड लांकडी तुळईच्या टोंकास टांगलेला. तुळईच्या दुसऱ्या टोंकास खाणींत उतरणारे पंपाचे जड दांडे. दांड्यांच्या वजनानें तें टोंक खालीं जाई व दट्ट्या वर येई, आणि त्याच्या खालीं मंद वाफ भरे. मग वाफेची झडप बंद, पाण्याची चिळकांडी सुरू, आंत पोकळी. २१ इंच व्यासाच्या तोंडावर हवेचा भार सुमारें ५,१०० पौंड होतो; पोकळी पूर्ण होत नसल्यामुळें त्याचा सुमारें निम्माच भाग कामीं येई. तेवढ्यानें दट्ट्या खालीं दबे, तुळई झुके, आणि खाणींतून पाणी वर येई. मिनिटांत असें बारा वेळां. दर खेपेस दहा गॅलन पाणी १५३ फूट उचललें जाई. ही शक्ति साडेपांच घोड्यांची धरतात, पण हे घोडे दमत नसत आणि रात्रीं झोंपत नसत.

झडपांची उघडझांप प्रथम हातानें करावी लागे, आणि हें काम करणाऱ्या हंफ्री पॉटर नांवाच्या मुलानें खेळावयास जातां यावें म्हणून तुळईस दोऱ्या बांधून झडपा आपोआप चालविल्या, अशी एक गोष्ट मुलांच्या पुस्तकांतून आढळते. गोष्ट गोड आहे. इतिहासकार तिजवर फारसा विश्वास ठेवीत नाहींत.

यंत्र न्यूकोमेन यांचें, परंतु हक्कपत्र सेव्हरी यांचें. त्यांतील शब्द इतके व्यापक होते कीं अग्नीनें पाणी उपसण्याची कोणतीही रीत त्यांत येई, आणि पार्लमेंटनें त्याची मुदत १७३३ पर्यंत वाढविलेली होती. न्यूकोमेन यांस सेव्हरी यांच्याशीं भागी करूनच काम करावें लागलें. १७१५ सालीं सेव्हरी वारले व तो हक्क एका कंपनीच्या हातीं गेला. १७१७ सालीं, यॉर्कशायरमध्यें यंत्र उभारण्याच्या कामावर असतांना, कॅली मरण पावला. यंत्रें मात्र वाढत चाललीं. हंगेरीच्या राज्यांतील खाणीवरही एक उभें राहिलें. हक्कपत्राची मुदत संपली तेव्हां त्यांची संख्या शंभरावर गेली होती. त्यांपैकीं एकाच्याही हक्कपत्रावर न्यूकोमेन हें नांव नव्हतें. लंडनच्या रॉयल सोसायटीनें त्यांस सभासद करून घेतलें नाहीं. त्यांचें खात्रीचें असें एकही चित्र आज उपलब्ध नाहीं.

५ ऑगस्ट १७२९ रोजीं लंडन येथें, एका बाप्तिस्त पाळकाच्या घरीं, ते प्रभूमध्यें निद्रिस्त झाले. राजमान्य चर्चबाहेरच्या ख्रिस्ती लोकांस जेथें पुरीत त्या बनहिल फील्ड्स या दफनभूमींत त्यांस मूठमाती देण्यांत आली. नक्की जागा कोणती, हें कोणास सांगतां येत नाहीं.

चौतीस वर्षांनीं, १७६३ च्या हिंवाळ्यांत, ग्लासगो विद्यापीठांतील न्यूकोमेन-यंत्राचा एक लहान नमुना बिघडला म्हणून जेम्स वॉट यांजकडे दुरुस्तीस आला. तेंच नळकांडें क्षणांत तापवावयाचें व क्षणांत थंड करावयाचें, यांत बहुतेक उष्णता फुकट जाते, हें त्यांच्या ध्यानांत आलें. कोळशाच्या शंभर भागांपैकीं जेमतेम एखादाच भाग कामीं येत असे. वॉट यांनीं वाफ निववण्यासाठीं निराळें भांडें जोडलें, आणि पुढें जग त्यांचेंच नांव घेऊं लागलें. त्यानंतरच्या यंत्रांत वाफ स्वतःच जोरानें ढकलूं लागली. मुंबईंत आर्देशीर कर्सेटजी वाडिया यांनीं १८३० नंतरच्या दशकांत आपल्या बागेंतील पाणी उपसण्यासाठीं लहानसें वाफेचें यंत्र बनविलें. १८६३ सालीं बोरघाट चढून आगगाडी थेट मुंबईहून आपल्या तळेगांवावरून पुण्यास जाऊं लागली, तीही अशाच जोरदार वाफेवर. हवेच्या भाराची युक्ति तरीही मेली नाहीं. वाफेऐवजीं नुसती ज्योतच नळकांड्यांत घ्यावयाची, झडप बंद करावयाची, आणि आंतील तापलेली हवा निवली कीं बाहेरच्या हवेनें दट्ट्या ढकलावयाचा, अशीं हातावर मावणारीं यंत्रें हौशी कारागीर आजही बनवितात.

यॉर्कशायरमध्यें एल्सेकार येथील खाणीवर १७९५ सालीं बसविलेलें न्यूकोमेन पद्धतीचें यंत्र १९२३ पर्यंत पाणी उपसत होतें. तें अद्याप बसविल्या जागींच उभें आहे. डार्टमथ येथेंही, न्यूकोमेन यांच्या गांवीं, असें एक जुनें यंत्र दुसरीकडून आणून ठेवलेलें असून तें पाहावयास मिळतें.