अण्णासाहेब कर्व्यांनी तपासलेली गृहीते

भूमितीतला कोणताही सिद्धांत सिद्ध करावयाचा, तर आरंभी काही गोष्टी गृहीत धराव्या लागतात. गृहीतच चुकले तर पुढची प्रत्येक पायरी बिनचूक असूनही निष्कर्ष चुकतो, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. गणितात ही चूक लवकर उघडकीस येते. कारण तेथे उत्तर ताडून पाहण्याची सोय असते. माणसाच्या आणि समाजाच्या आयुष्यात मात्र चुकीची गृहीते पिढ्यान्‌पिढ्या सुखाने नांदतात. रूढी, व्यवहार, अनुभव अशी भारदस्त नावे आपण त्यांना देऊन ठेवलेली असतात आणि ती ताडून पाहण्याच्या भानगडीत सहसा कोणी पडत नाही. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात १८९१ ते १९१४ अशी २३ वर्षे गणित शिकविले. वर्गाबाहेरही त्यांनी जन्मभर जे केले, ते गृहीतांची तपासणी करण्याचेच काम होते.

त्यांच्या नावामागे महर्षी ही पदवी लागली आणि आपली मोठी सोय झाली. महर्षी म्हटले की तो आपल्यापैकी नव्हे, त्याचे सामर्थ्य वेगळे, त्याचा मार्ग वेगळा, असे ठरवून पुण्यतिथीला हार घालून मोकळे होता येते. अण्णासाहेबांच्या बाबतीत हे पहिलेच गृहीत खोटे आहे. १८ एप्रिल १८५८ रोजी कोकणात शेरवली येथे जन्मलेला आणि मुरूड गावी वाढलेला हा मुलगा सामान्य स्थितीतल्या घरातला, प्रकृतीने किरकोळ आणि स्वभावाने कमालीचा लाजाळू होता. सरकारी नोकरीस पात्र करणारी मराठी सहावीची परीक्षा देण्यासाठी तो सतरा वर्षांचा असताना मुरूडहून साताऱ्यापर्यंत सुमारे ११० मैल पायी गेला. भर पावसात सह्याद्रीचा घाट चढून गेला. तेथे परीक्षा समितीच्या प्रमुखाने त्याच्या अंगलटीकडे पाहिले, हा सतरा वर्षांचा असणे शक्य नाही असे ठरविले आणि त्याला परत पाठविले. दुसऱ्याच्या डोळ्यांतल्या एका गृहीताने त्याची सारी पायपीट वाया घालविली. पुढच्या खेपेस त्याने ती परीक्षा दिली. परंतु मॅट्रिक व्हायला १८८१ साल उजाडले आणि पदवी मिळायला १८८४. म्हणजे मॅट्रिकला तेवीस वर्षे आणि बी. ए. ला सव्वीस. उशीर झाला, आता काय होणार, असे मानणाऱ्यांच्या हिशेबी हा माणूस तेव्हाच मागे पडलेला होता.

१८९१ साली त्यांच्या पहिल्या पत्नी राधाबाई निवर्तल्या. विधुराने पुन्हा लग्न करावे ते दहा-बारा वर्षांच्या कुमारिकेशी, हा त्या काळचा शिरस्ता. पत्नी गेली तर पुरुषाने महिन्या-दोन महिन्यांत बोहल्यावर चढावे आणि पती गेला तर स्त्रीने, मग ती आठ वर्षांची का असेना, उरलेले आयुष्य अंधारात काढावे, यात कोणाला विसंगती दिसत नव्हती. विधवाविवाहाला संमती देणारा कायदा १८५६ सालीच झाला होता. परंतु कायद्याने फक्त दार उघडले. त्या दारातून जाऊ नये हे गृहीत मनामनांत शाबूत होते. ११ मार्च १८९३ रोजी, म्हणजे कायदा होऊन ३७ वर्षांनी, पस्तिशीला आलेल्या कर्व्यांनी गोदूबाई जोशी या बालविधवेशी पुण्यात विवाह केला. त्यांच्या मित्राच्या या भगिनी पंडिता रमाबाईंच्या शारदासदनात शिकलेल्या होत्या. पुढे त्या आनंदीबाई, सर्वांच्या बाया कर्वे झाल्या. मुरूडने या जोडप्यावर बहिष्कार घातला. ज्या गावासाठी कर्वे आपल्या मिळकतीतून निधी जमवीत होते, त्याच गावात त्यांना स्वतःच्या घरी मोकळेपणाने राहता येईना. घरच्यांना त्यांची झळ लागू नये म्हणून त्यांनाच दूर राहावे लागले. गृहीत मोडण्याची किंमत अशी रोख मोजावी लागते आणि पुष्कळदा ती आपल्या माणसांनाही मोजावी लागते, हे विसरून या चरित्राचे कौतुक करणे सोपे आहे.

त्याच वर्षी त्यांनी विधवाविवाहोत्तेजक मंडळीची स्थापना केली. १८९५ मध्ये तिचे नाव बदलून विधवाविवाहप्रतिबंधनिवारक मंडळी असे ठेवण्यात आले. हा बदल वरवर केवळ शब्दांचा वाटेल. पण त्यात कर्व्यांच्या विचाराची दिशा दिसते. लग्न करावे की नाही हे त्या स्त्रीने ठरवावे. आपण तिच्या वाटेतला अडथळा तेवढा दूर करावा, ही त्यामागची दृष्टी होती. स्वतः विधवेशी विवाह केलेल्या सुधारकालाही, विवाह हाच विधवेच्या दुःखावरचा एकमेव उपाय आहे, हे स्वतःचे गृहीत तपासून पाहावे लागले. लग्न न करणाऱ्या स्त्रीला पोटापुरते मिळवता आले पाहिजे आणि मान ताठ ठेवून जगता आले पाहिजे, हा निष्कर्ष त्यांनी काढला आणि १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम मंडळी निघाली. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर तिचे अध्यक्ष झाले.

आश्रम पुण्यात सुरू झाला; प्लेगच्या धास्तीमुळे १९०० साली तो हिंगण्याच्या माळावर एका झोपडीवजा इमारतीत गेला. महाविद्यालयातले तास संपले की प्राध्यापक कर्वे चिखल तुडवीत तिकडे जात. विधवा म्हणजे अपशकुन, तिला अक्षर कशाला, तिची बुद्धी ती काय, असे मानणाऱ्यांशी त्यांनी वादविवाद घातला नाही. त्यांनी त्या मुलींना शिकविले, अध्यापिकांच्या परीक्षांना बसविले आणि शाळांत शिकविण्यास पाठविले. उत्तर ताडून दाखवावे, हीच त्यांची पद्धत. बायांची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले ही याची सर्वांत बोलकी साक्ष. वयाच्या विशीत वैधव्य आलेल्या आणि त्यानंतर शिकायला लागलेल्या या बाईंनी आश्रमाचा कारभार पाहिला, संस्थेसाठी गावोगाव निधी गोळा केला आणि इंग्रजीचे ज्ञान बेताचेच असताना अमेरिकेपर्यंत मजल मारली. अशा स्त्रीला काहीच करता येणार नाही, असे तिच्या भोवतालच्या सर्वांनी आणि कदाचित तिनेही एकेकाळी धरून चालले असेल.

या कामात कर्व्यांनी एक तडजोड केली, तिची चर्चा आजही होते. आश्रमाकडे मुली पाठवायला लोक कचरू नयेत म्हणून त्यांनी विधवाविवाहाची चळवळ आणि आश्रम यांची फारकत केली व विवाहाच्या कामातून अंग काढून घेतले. अनेक कडव्या सुधारकांना ही माघार वाटली. ती माघार होती हे मान्य करूनही एक प्रश्न उरतो: त्या दिवशी दाराशी उभ्या असलेल्या मुलीला तत्त्वाची शुद्धता हवी होती, की शाळेतली जागा? कर्व्यांनी जागा दिली.

१९०७ मध्ये महिला विद्यालय निघाले, तेव्हा कुमारिका आणि विवाहित स्त्रियाही त्यांच्या दृष्टीच्या कक्षेत आल्या. १९१५ अखेर मुंबईस राष्ट्रीय सामाजिक परिषदेचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. जपानमधील महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका त्यांच्या वाचनात आली होती. त्या आधारे त्यांनी हिंदुस्थानातही असे विद्यापीठ व्हावे, असा विचार मांडला आणि १९१६ मध्ये ते काढलेही. उच्च शिक्षण इंग्रजीवाचून अशक्य, सरकारी मान्यतेवाचून विद्यापीठ अशक्य, लाखांच्या देणगीवाचून आरंभ अशक्य, ही तिन्ही गृहीते त्यांनी एकदमच बाजूला ठेवली. शिक्षण मातृभाषेतून दिले, इंग्रजी एक विषय म्हणून ठेवले आणि चार-पाच विद्यार्थिनींवर महाविद्यालय सुरू केले. सर विठ्ठलदास ठाकरसी यांची पंधरा लाखांची देणगी १९२० साली आली आणि विद्यापीठाला त्यांच्या मातोश्री नाथीबाई यांचे नाव मिळाले. सरकारी कायद्याची मान्यता मिळण्यास मात्र १९५१ साल उजाडावे लागले. आधी मान्यता, मग काम, असा क्रम धरला असता तर पस्तीस वर्षांतल्या सगळ्या विद्यार्थिनी घरी बसल्या असत्या.

तथापि, कर्व्यांची स्वतःची गृहीते सर्वच सुटली होती असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. स्त्रीचे कार्यक्षेत्र पुरुषाहून वेगळे, म्हणून तिचा अभ्यासक्रमही वेगळा, गृहशास्त्राला त्यात मानाचे स्थान, ही त्यांची भूमिका आज पटणारी नाही. त्या काळीही ती सर्वांना पटली नव्हती. आश्रमात आरंभी प्रामुख्याने ब्राह्मण विधवांचीच वसती होती. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८ सालीच पुण्यात मुलींची शाळा काढून जातीची भिंत आणि शिक्षणाची बंदी यांवर एकत्रच घाव घातला होता. ती दृष्टी कर्व्यांकडे उशिरा आली.

उशिरा आली, पण आली, हेच मला या चरित्रातले सर्वांत महत्त्वाचे वाटते. सत्तरी ओलांडल्यावर, १९२९ मध्ये, ते युरोप, अमेरिका व जपानच्या प्रवासास निघाले. पुढे आफ्रिकेतही जाऊन आले. १९३६ मध्ये, वयाच्या ७८ व्या वर्षी, त्यांनी खेड्यांतील प्राथमिक शिक्षणासाठी मंडळ स्थापन केले. १९४४ मध्ये, ८६ व्या वर्षी, जातिभेदाविरुद्ध समता संघ काढला. या वयात माणसे आपल्या जुन्या मतांची राखण करीत बसतात. कर्व्यांनी जन्मभराच्या कार्यात राहून गेलेली उणीव स्वतःच्या हाताने भरून काढायला घेतली. १९५८ मध्ये, शताब्दीच्या वर्षी, त्यांना भारतरत्न मिळाले आणि ९ नोव्हेंबर १९६२ रोजी १०४ वर्षांचे हे आयुष्य संपले.

शिक्षक, कारकून, विद्यार्थी अशा आपल्या मध्यमवर्गीय जगात गृहीतांना तोटा नाही. अमुक मुलगा ढ, अमुक वस्तीतली मुले शिकणार नाहीत, इंग्रजीवाचून गत्यंतर नाही, चाळिशीनंतर नवे काही जमत नाही, साहेबांच्या मंजुरीवाचून काही हलत नाही. यांतले काही खरेही असेल. पण ते खरे आहे, हे आपण कधी ताडून पाहिले होते? साताऱ्याच्या त्या परीक्षकाने समोरच्या मुलाचे वय विचारण्यापूर्वीच निर्णय देऊन टाकला होता. वर्गात, कचेरीत आणि घरात आपण रोज त्याच खुर्चीवर बसलेलो असतो. आपल्या समोर कोण उभा आहे, याची चौकशी करूनच निर्णय द्यायचा, एवढे जरी आपण अंगवळणी पाडले, तरी कोणाची तरी ११० मैलांची पायपीट वाया जाण्याचे टळेल.