गुरुवर्य अण्णासाहेब कर्वे : एक संसार, एक आश्रम

आपल्या ज्ञातीतील थोर पुरुषांची नामावळी सांगताना महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे नाव अग्रभागी घेण्याचा प्रघात आहे, आणि तो यथायोग्यच आहे. परंतु ज्या समाजाला आज त्यांच्याविषयी धन्यता वाटते, त्याच समाजाने एके काळी त्यांना वाळीत टाकले होते, ही गोष्ट गौरवाच्या भरात बहुधा मागे पडते. ती मागे पडू नये, एवढ्याचसाठी हे चरित्र पुन्हा एकदा सभासद कुटुंबांसमोर ठेवीत आहे.

अण्णांचा जन्म 18 एप्रिल 1858 रोजी शेरवली येथे, आजोळी झाला. बालपण गेले दापोली तालुक्यातील मुरुड या समुद्रकाठच्या गावी. घरची स्थिती बेताची, विद्येची ओढ मात्र विलक्षण. 1875 साली सहावी इयत्तेच्या सरकारी परीक्षेसाठी हा मुलगा भर पावसात, घाट ओलांडून, शंभर मैलांहून अधिक वाट तुडवीत साताऱ्यास पोचला. आणि वय सतराहून कमी दिसते, एवढ्या कारणावरून त्याला परीक्षेस बसू दिले नाही. तो तसाच परत फिरला. पुढील सर्व आयुष्यात नकार पचविण्याची जी शक्ती त्यांच्या ठायी दिसते, तिचे मूळ मला तरी या परतीच्या वाटेत दिसते.

मुंबईस एल्फिन्स्टन कॉलेजातून 1884 मध्ये ते बी. ए. झाले. शिकवण्या करून ते घर चालवीत, आणि गावाच्या उन्नतीसाठी त्यांनी मुरुड फंड उभारला. 1891 मध्ये फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे अध्यापक म्हणून त्यांना बोलावणे आले. त्याच वर्षी त्यांच्या पत्नी राधाबाई निवर्तल्या. चिरंजीव रघुनाथ त्या वेळी अवघे नऊ वर्षांचे होते.

तेहतिशीतील विधुराला कुमारिका सांगून येणे त्या काळी मुळीच कठीण नव्हते. अण्णांनी निश्चय केला, की करायचे झाल्यास विधवेशीच लग्न करीन. त्यांचे स्नेही नरहरपंत जोशी यांची भगिनी गोदूबाई बालपणीच विधवा झालेली असून पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकत होती. वडिलांच्या संमतीने 11 मार्च 1893 रोजी पुण्यात हा विवाह झाला. गोदूबाईंच्या आनंदीबाई झाल्या. पुढे सर्वांच्या मुखी त्या ‘बाया’ म्हणूनच राहिल्या.

मुरुडास ही वार्ता पोचताच ग्रामस्थांनी सभा भरवून बहिष्कार घातला. ज्या गावासाठी अण्णांनी फंड उभारला, त्याच गावात त्यांना स्वतःच्या घरी उतरता येईना. मुलाला आसरा दिला तर वृद्ध माता व थोरले बंधू हेही वाळीत पडले असते. बहिष्कार घालणारे कोणी परके नव्हते. ते आपलेच आजे-पणजे होते. अण्णांनी कोणाशी भांडण मांडले नाही, आणि आपले पाऊलही मागे घेतले नाही.

1896 मध्ये त्यांनी अनाथ बालिकाश्रमाची मंडळी स्थापिली. प्लेगच्या दिवसांत, 1900 साली, आश्रम पुण्याबाहेर हिंगणे येथे, रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी दिलेल्या जागेवरील एका झोपडीत गेला. दिवसभर कॉलेजात गणित शिकवायचे आणि सायंकाळी चिखल तुडवीत आश्रमाचे सामान घेऊन हिंगण्यास पोचायचे, असा अण्णांचा नेम होता. येथेच संसाराचा अवघड प्रसंग आला. पुनर्विवाहित स्त्री आश्रमात वावरली तर आपल्या मुलींचीही लग्ने लावून देतील, अशी धास्ती पालकांना वाटे. त्यामुळे बायांना पतीच्याच आश्रमापासून दूर राहावे लागले. मिळकतीचा ओघ संस्थेकडे, आणि घरी चार मुलगे! बायांनी काटकसर केली, वर्गणीही गोळा केली, आणि मनातील सल ‘माझे पुराण’ या आत्मचरित्रात निर्भीडपणे नमूद केला. अण्णांच्या त्यागाचे आपण गोडवे गातो. त्यातील निम्मा त्याग या माउलीने केला होता, आणि तोही पुष्कळदा तिला न विचारता घडला होता, असे माझे नम्र मत आहे. बायांच्या भगिनी पार्वतीबाई आठवले यांनीही सारे आयुष्य आश्रमालाच वाहिले.

मुलांच्या बाबतीत मात्र अण्णा सत्ता गाजविणारे पिता नव्हते. रघुनाथरावांनी संततिनियमनाचे कार्य हाती घेतले, 1927 पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालविले व त्यापायी खटलेही सोसले. शंकरराव डॉक्टर होऊन आफ्रिकेत गेले. दिनकरराव फर्ग्युसनचे प्राचार्य झाले, तर भास्कररावांनी हिंगण्याची सेवा पत्करली. दिनकररावांच्या पत्नी इरावतीबाई मानववंशशास्त्रातील पंडिता म्हणून ख्यातनाम झाल्या. प्रत्येकाची वाट निराळी होती, आणि ती धरण्यास अण्णांची आडकाठी नव्हती.

1916 मध्ये त्यांनी महिला विद्यापीठ स्थापिले. उच्च शिक्षण मातृभाषेतून देण्याचा हा प्रयोग त्या वेळी अनेकांना वेडेपणाचा वाटला. 1920 मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लक्ष रुपयांची देणगी दिली आणि विद्यापीठास त्यांच्या मातोश्रींचे, नाथीबाईंचे, नाव मिळाले. वयाची सत्तरी उलटल्यावर अण्णा विद्यापीठाच्या मदतीसाठी परदेशी फिरले. 1936 मध्ये खेड्यांतील प्राथमिक शिक्षणासाठी त्यांनी मंडळ काढले, आणि 1944 मध्ये, शहाऐंशीव्या वर्षी, जातिभेद निवारणासाठी समता संघ स्थापन केला. ज्ञातीच्या स्मरणिकेत हे शेवटचे कार्य लिहिताना लेखणी क्षणभर थबकते खरी. पण ते वगळून लिहिलेले चरित्र अण्णांचे राहणार नाही.

बाया 1950 मध्ये गेल्या. रघुनाथरावांचे निधन 1953 मध्ये झाले. 1958 मध्ये, शंभराव्या वर्षी, भारतरत्न हा किताब अण्णांकडे आला, तेव्हा त्या झोपडीच्या दिवसांतील सोबतीण ते पाहावयास उरली नव्हती. 9 नोव्हेंबर 1962 रोजी पुण्यात, वयाच्या एकशे पाचाव्या वर्षी, त्यांनी देह ठेवला. हिंगण्याचा तो माळ आता कर्वेनगर या नावाने ओळखला जातो, आणि सकाळच्या वेळी तेथील रस्ते शाळा-कॉलेजांना निघालेल्या मुलींनी भरून वाहतात.