बर्लिनहून परतलेला शिक्षक : डॉ. झाकिर हुसेन

भारताचे तिसरे राष्ट्रपती मरहूम डॉ. झाकिर हुसेन यांची तसबीर आपल्या पुष्कळ शाळांच्या कार्यालयांत लावलेली असते. अंगात शेरवानी, डोक्यावर टोपी, नीट कातरलेली दाढी आणि चष्मा. आठ फेब्रुवारीस त्यांच्या जन्मदिनी एखादा विद्यार्थी चार वाक्यांचे भाषण पाठ करून म्हणतो, त्यात राष्ट्रपतिपद, भारतरत्न आणि जामिया मिलियाचा उल्लेख येतो, आणि टाळ्या पडतात. त्या भाषणात एक गोष्ट मात्र सहसा नसते. वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी हा मनुष्य जर्मनीहून कशासाठी परत आला आणि परत आल्यावर त्याने काय पत्करले, ती गोष्ट येथे सांगावयाची आहे.

ती सांगावीशी वाटण्याचे कारण आपल्या घराघरांत आहे. आपल्या कोकणपट्टीत बोटीवर किंवा आखातात गेलेला माणूस नाही, असे मुस्लिम घर क्वचितच सापडेल. कोणी पंधरा वर्षांनी परत येतो, कोणी पंचवीस वर्षांनी. परतणाऱ्याने काय आणले याची चौकशी गावात दोन दिवस चालते. घर बांधले का, मुलीचे लग्न उरकले का, एवढ्यावर ती थांबते. त्यात वावगे काही नाही. त्या कमाईतून शाळांच्या वर्गखोल्याही उभ्या राहिल्या आहेत. परंतु कमाई घेऊन परतणे निराळे आणि कमाई सोडून परतणे निराळे.

झाकिर हुसेन यांचा जन्म ८ फेब्रुवारी १८९७ रोजी हैदराबाद येथे झाला. घराणे मूळचे उत्तर प्रदेशातील फर्रुखाबाद जिल्ह्यातल्या कायमगंजचे, पठाणांचे. वडील फिदा हुसेन खान हैदराबादेत वकिली करीत. ते १९०७ साली वारले आणि कुटुंब कायमगंजला परतले. इटाव्याच्या इस्लामिया हायस्कुलात शिक्षण चालू असता १९११ साली प्लेगने आईही गेली. चौदा वर्षांचा पोरका मुलगा पुढे अलीगढच्या कॉलेजात दाखल झाला. हुशार, वक्तृत्वात पटाईत आणि मित्रांत रमणारा अशी त्याची तेथे ख्याती झाली.

ऑक्टोबर १९२० मध्ये महात्मा गांधी व अली बंधू अलीगढला आले आणि सरकारी मदतीवर चालणाऱ्या कॉलेजातून बाहेर पडण्याचे आवाहन त्यांनी विद्यार्थ्यांना केले. झाकिर हुसेन त्या वेळी एम. ए. चा अभ्यास करीत होते आणि कॉलेजात थोडेफार शिकवीतही होते. ते बाहेर पडले. परंतु नुसते बाहेर पडून भागणार नाही, बाहेर पडलेल्यांना शिकण्यासाठी जागा हवी, हे त्यांना इतरांच्या आधी उमगले. हकीम अजमल खान प्रभृती नेत्यांकडे त्यांनी राष्ट्रीय विद्यापीठाचा आग्रह धरला, आणि २९ ऑक्टोबर १९२० रोजी देवबंदचे मौलाना महमूद हसन यांच्या हस्ते अलीगढ येथे जामिया मिलिया इस्लामियाची स्थापना झाली. पहिले कुलगुरू मौलाना मुहम्मद अली. झाकिर हुसेन तेथे शिक्षक झाले, आणि १९२२ साली उच्च शिक्षणासाठी जर्मनीस गेले. पत्नी शाहजहान बेगम मागे हिंदुस्थानात राहिल्या.

आपल्याकडील मुले त्या काळी विलायतेला जात, ती बॅरिस्टर किंवा आय. सी. एस. होण्यासाठी. झाकिर हुसेन यांनी बर्लिन निवडले. महायुद्ध हरलेल्या त्या देशात १९२३ साली चलनाची अशी घसरण झाली की सकाळच्या नोटेला संध्याकाळी किंमत उरत नसे. अशा शहरात त्यांनी प्रख्यात अर्थशास्त्रज्ञ वेर्नर सोंबार्ट यांच्या मार्गदर्शनाखाली ब्रिटिश हिंदुस्थानातील शेतीव्यवस्थेवर प्रबंध लिहिला. अभ्यासाबरोबर इतर उद्योगही चालू होते. गांधीजींच्या विचारांवर एका जर्मन गृहस्थाच्या सहकार्याने जर्मन भाषेत पुस्तक काढले. गालिबचा दीवान बर्लिनच्या काविआनी छापखान्यात छापून घेतला, आणि त्यासाठी खिळे जुळविण्याचे काम स्वतः केले. परदेशी राहूनही मन कोठे होते, हे यावरून समजावे.

इकडे जामियाची दशा बिकट होत चालली होती. असहकाराची लाट ओसरली. १९२४ साली तुर्कस्तानातच खिलाफत रद्द झाली आणि खिलाफत चळवळीच्या फंडातून जो पैसा येत होता, तो आटला. १९२५ साली संस्था अलीगढहून दिल्लीला, करोलबागेत भाड्याच्या घरांत हलविली गेली. हकीम अजमल खान आपल्या खिशातून खर्च चालवीत होते. ती बंद करावी असे मत चांगल्या चांगल्या माणसांनी दिले होते, आणि व्यवहाराच्या दृष्टीने त्यांचे काही चुकत नव्हते. ही बातमी बर्लिनला पोचली, तेव्हा झाकिर हुसेन यांनी तेथील दोन मित्रांशी विचारविनिमय केला. एक सय्यद आबिद हुसेन, दुसरे मुहम्मद मुजीब. तिघांनी मिळून जामियाची सेवा करण्याचे ठरविले आणि आम्ही येईपर्यंत संस्था बंद करू नये असे कळविले. फेब्रुवारी १९२६ मध्ये तिघेही स्वदेशी परतले.

त्या वेळी त्यांच्यापुढे दुसरे मार्ग नव्हते असे नाही. जर्मन विद्यापीठाचा डॉक्टर, ऑक्सफर्डला शिकलेला मुजीब आणि बर्लिनचा डॉक्टर आबिद हुसेन, या तिघांना कोणत्याही संस्थानात किंवा सरकारमान्य विद्यापीठात मानाची जागा मिळाली असती. जामियाच्या पदव्यांना तर सरकारी मान्यताच नव्हती. म्हणजे शिकविणाऱ्यांना पगार नाही आणि शिकणाऱ्यांना नोकरी नाही, अशी संस्था. परतणाऱ्याची वाट पाहत सहसा एखादी खुर्ची तरी असते. झाकिर हुसेन यांची वाट पाहत होती ती थकलेली घरभाडी आणि पगार न मिळालेले शिक्षक. ते शेखुल जामिया, म्हणजे कुलगुरू झाले. कुलगुरू म्हटल्यावर जे चित्र डोळ्यांपुढे येते ते येथे पुसून टाकावे. हिशेबाच्या वह्या, वर्गणीची पत्रे, वसतिगृहातील मुलांची आजारपणे आणि प्राथमिक शाळेची स्वच्छता हे सारे त्या पदाच्या कामात मोडत होते. घाणेरड्या बुटांनी येणाऱ्या मुलांना वळण लागावे म्हणून दारात बसून त्यांनी मुलांचे बूट पुसले, ही गोष्ट आपण सर्वांनी ऐकली आहे, म्हणून विस्तार करीत नाही.

डिसेंबर १९२७ मध्ये हकीम अजमल खान वारले. आधार तुटला. तेव्हा १९२८ साली शिक्षकांनीच अंजुमन-ए-तालीम-ए-मिल्ली नावाची मंडळी स्थापन केली आणि संस्थेची जबाबदारी आपल्या अंगावर घेतली. सभासदाने वीस वर्षे जामियाची सेवा करावी आणि दरमहा दीडशे रुपयांपेक्षा अधिक वेतन घेऊ नये, अशी प्रतिज्ञा होती. दीडशे हा वरचा आकडा. प्रत्यक्ष हातात पडत ते त्याहून कितीतरी कमी, आणि तेही वेळेवर नव्हे. पुढे हमदर्दान-ए-जामिया ही हितचिंतकांची योजना निघाली. शफीकुर्रहमान किडवाई यांच्या परिश्रमाने ठिकठिकाणच्या सामान्य लोकांकडून लहान लहान वर्गण्या जमू लागल्या. कोणा एका नबाबाच्या देणगीपेक्षा हा पैसा झाकिर हुसेन यांना अधिक भरवशाचा वाटे. वर्गणीचे पावतीपुस्तक घेऊन ज्यांनी कधी दारोदार हिंडून पाहिले आहे, त्यांना यातील कष्ट सांगावयास नकोत.

येथे एक गोष्ट मनात येते, ती लिहिणे भाग आहे. प्रतिज्ञा शिक्षकांनी केली, परंतु ती पाळली त्यांच्या घरांतील स्त्रियांनी. शाहजहान बेगमनी पतीच्या परदेशवासाची वर्षे एकटीने काढली, आणि ते परतल्यावर तुटपुंज्या पैशात संसार केला. आपल्या चरित्रग्रंथांतून त्यांच्या वाट्याला दोन ओळी येतात. याच काळात त्यांची एक लहान मुलगी वारली. प्राथमिक शाळेतील मुलांना मिठाई वाटण्याचा कार्यक्रम चालू असता झाकिर हुसेन यांना ती बातमी मिळाली. त्यांनी चेहऱ्यावर काही दिसू दिले नाही, वाटप पुरे केले आणि मग उठले. ही हकीकत त्यागाचा दाखला म्हणून सांगितली जाते. मी दोन मुलांचा बाप आहे. मला ती वाचून अभिमानापेक्षा धास्ती अधिक वाटते. पुढे मुलांसाठी त्यांनी उर्दूत ज्या सुंदर गोष्टी लिहिल्या, अब्बू खानच्या बकरीची गोष्ट त्यांतलीच, त्या रुकय्या रेहाना या नावाने छापल्या. रेहाना हे त्या गेलेल्या मुलीचे नाव.

जर्मनीहून त्यांनी काय आणले, असे कोणी विचारील. केर्शेनस्टायनर या जर्मन शिक्षणतज्ज्ञाचा विचार त्यांनी आणला : मूल नुसत्या पुस्तकाने शिकत नाही, हाताने मन लावून केलेल्या कामातून शिकते. जामियाच्या प्राथमिक शाळेत या विचाराचा प्रयोग झाला. आणि एक मैत्री आणली. गेर्डा फिलिप्सबॉर्न ही ज्यू बाई त्यांच्या बर्लिनमधील स्नेहमंडळातली. हिटलरच्या उदयाच्या सुमारास ती हिंदुस्थानात आली आणि जामियातील लहान मुलांची देखभाल करू लागली. मुले तिला आपाजान म्हणत. दुसऱ्या महायुद्धात जर्मन नागरिक म्हणून इंग्रज सरकारने तिला काही काळ स्थानबद्धही केले. वास्तविक जर्मनीत तिला जागा उरली नव्हती. एकाला मायदेशी परतता आले, दुसरीला ते कधीच शक्य झाले नाही. १९४३ साली ती वारली आणि जामियाच्या कबरस्तानात तिला दफन करण्यात आले.

आपल्या महाराष्ट्राशी डॉक्टरसाहेबांचा संबंध वर्ध्यामुळे आला. ऑक्टोबर १९३७ मध्ये गांधीजींनी तेथे शिक्षण परिषद बोलाविली. हस्तव्यवसायाच्या उत्पन्नातून शाळेने आपला खर्च भागवावा ही गांधीजींची कल्पना होती. झाकिर हुसेन यांनी भर परिषदेत तिच्यातील धोका दाखवून दिला : उत्पन्नाच्या मागे लागून शिक्षक मुलांना मजुरासारखे राबवतील. तरीही योजना आखणाऱ्या समितीचे अध्यक्षपद गांधीजींनी त्यांनाच दिले, हे दोघांनाही शोभून दिसले. मातृभाषेतून सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण आणि त्याच्या मध्यभागी एक हस्तव्यवसाय, अशी ती वर्धा योजना. पुढे ती नीट राबविली गेली नाही, आणि डॉक्टरसाहेबांनी आपली निराशा लपविली नाही.

जामियाला तोवर ओखल्यास हक्काची जमीन मिळाली होती. १ मार्च १९३५ रोजी तेथील पहिल्या इमारतीची कोनशिला बसविली ती कोणा पुढाऱ्याने नव्हे, तर सर्वांत लहान विद्यार्थ्याने. नोव्हेंबर १९४६ मध्ये रौप्यमहोत्सव झाला. देशात दंगली पेटलेल्या असता नेहरू, आझाद आणि जिना यांना त्यांनी एका व्यासपीठावर आणून बसविले. दुसऱ्याच वर्षी काश्मीरकडे जात असता जालंदर स्थानकावर ते जमावाच्या तावडीत सापडले. एका शीख गृहस्थाने आणि एका हिंदू रेल्वे अधिकाऱ्याने त्यांचा जीव वाचविला. एवढे होऊनही देश सोडण्याचा विचार त्यांनी केला नाही.

१९४८ साली वीस वर्षे पुरी झाली. त्याच वर्षी फाळणीनंतर डळमळलेल्या अलीगढ विद्यापीठाचे कुलगुरू म्हणून ते गेले, आणि जामिया मुजीबसाहेबांच्या हाती आली. पुढची पदे सर्वांना ठाऊक आहेत : १९५७ साली बिहारचे राज्यपाल, १९६२ साली उपराष्ट्रपती, १९६३ साली भारतरत्न, १३ मे १९६७ रोजी राष्ट्रपती. ३ मे १९६९ रोजी पदावर असतानाच राष्ट्रपती भवनात त्यांचे निधन झाले. दफनासाठी त्यांना ओखल्यास जामियाच्या आवारात नेण्यात आले. त्यांची कबर तेथेच आहे.