कै. हरि नारायण आपटे : एका कथालेखकाची घडण

गेल्या वर्षी स्मरणिकेसाठी आपल्या ज्ञातिबांधवांच्या मुलामुलींनी पाठविलेल्या गोष्टी संपादक मंडळाने आमच्याकडे वाचावयास दिल्या होत्या. गोष्टी एकंदर नऊ होत्या. त्यांपैकी सहांत मुंबईचा बंगला, काळी मोटार आणि मध्यरात्रीचा खून हे तिन्ही पदार्थ होते. लिहिणारांपैकी कोणी मुंबईत सलग चार दिवस काढले असतील असे वाटले नाही. मांजरेचा काठ, येसगीचा पूल, बिलोलीचा आठवडी बाजार, घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर तेलुगू व उर्दू बोलणारी आपली माणसे, यांपैकी एकाही वस्तूस त्या नऊ गोष्टींत प्रवेश मिळालेला नव्हता. याच सुमारास एक ज्ञातिबंधू आपल्या मुलास घेऊन आमच्या घरी आले. मुलगा महाविद्यालयाच्या परीक्षेत दोनदा नापास झालेला, आणि वह्यांमागून वह्या गोष्टींनी भरीत असलेला. त्यास हा नाद सोडावयास सांगावा अशी त्यांची आम्हांस विनंती होती. मुलगा खाली मान घालून बसला होता. आम्ही त्या वेळी दोघांचेही समाधान करू शकलो नाही. त्या दिवशी जे सांगावयास हवे होते ते आज लिहीत आहो.

कै. हरि नारायण आपटे हे आपल्या ज्ञातीचे नव्हते, तेव्हा ज्ञातीच्या स्मरणिकेत त्यांचे चरित्र कशास, असे कोणी विचारील. त्यास आमचे उत्तर इतकेच की, मराठीत गोष्ट लिहू इच्छिणारा मुलगा कोणत्याही घरातला असो, त्याच्या आधी ही वाट ज्यांनी तुडविली त्यांत हरिभाऊ अग्रभागी आहेत. आमचे वडील निजामी अंमलात उर्दूतून शिकलेले. त्यांच्या लहानपणी घरात मराठी कादंबरी येणे ही अपूर्वाईची गोष्ट होती. आम्हांस 'उषःकाल' प्रथम मिळाली ती शेवटची काही पाने गेलेली, आणि तिचा शेवट वाचावयास आम्हांस अध्यापनाच्या शिक्षणासाठी नांदेडास जाईपर्यंत थांबावे लागले.

हरिभाऊंचा जन्म ८ मार्च १८६४ रोजी खानदेशातील पारोळे येथे झाला. आई लहानपणीच गेली. चुलते महादेव चिमणाजी आपटे हे मुंबईच्या हायकोर्टात वकिली करीत. त्यांच्या मोठ्या एकत्र कुटुंबात हरिभाऊ वाढले. प्रथम मुंबई आणि १८७८ पासून पुणे. १८८० साली पुण्यास न्यू इंग्लिश स्कूल निघाले, आणि विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक व आगरकर यांच्यासारखे गुरू त्यांस लाभले. अशा गुरूंपाशी शिकून मुलगा परीक्षेत चमकेल असे कोणासही वाटेल. परंतु हरिभाऊंचे चित्त पाठ्यपुस्तकांत थोडे आणि इतर वाचनात फार असे. इंग्रजी कादंबऱ्या व संस्कृत काव्यनाटके यांत ते बुडालेले असत. १८८३ साली ते मॅट्रिक झाले, डेक्कन कॉलेजात गेले, आणि तेथे गणिताने त्यांची वाट अडविली. पदवी अखेरपर्यंत मिळाली नाही.

या अपयशाचा घरात काय परिणाम झाला असेल हे आपल्यापैकी प्रत्येक घरास ठाऊक आहे. चुलते स्वकर्तृत्वाने वर आलेले नामांकित वकील, आणि पुतण्या पदवीवाचून घरी. परंतु चुलत्यांनी त्यांस वाऱ्यावर सोडले नाही. संस्कृत ग्रंथांच्या जतनासाठी व प्रकाशनासाठी त्यांनी १८८८ साली पुण्यास आनंदाश्रम ही संस्था काढली आणि तिची व्यवस्था हरिभाऊंकडे सोपविली. पोथ्या मिळविणे, छपाई पाहणे, हिशेब ठेवणे ही कामे हरिभाऊंनी आयुष्यभर केली. मराठी कादंबरीचा हा कर्ता दिवसा संस्कृत पोथ्यांचा व्यवस्थापक होता, ही गोष्ट लेखनाकरिता नोकरीधंदा सोडू पाहणाऱ्या तरुणांनी ध्यानात घेण्यासारखी आहे.

हरिभाऊ आरंभापासून कादंबरीकार नव्हते. १८८२ साली चिपळूणकर निवर्तले, तेव्हा या अठरा वर्षांच्या शिष्याने 'शिष्यजनविलाप' हे शोककाव्य लिहिले. पुढे आगरकरांनी शेक्सपिअरच्या हॅम्लेटचे 'विकारविलसित' हे भाषांतर केले, त्यावर हरिभाऊंनी दीर्घ टीकालेख लिहिला. गुरूच्या ग्रंथाचे परीक्षण विद्यार्थ्याने करावे हे त्या काळी साधे धाडस नव्हे. म्हणजे प्रथम कविता, नंतर टीका. काव्यात आपले बळ नाही हे त्यांस लवकरच उमगले असावे.

१८८५ साली 'पुणेवैभव' पत्रात त्यांची 'मधली स्थिति' ही कादंबरी क्रमशः येऊ लागली, तेव्हा ते एकवीस वर्षांचे होते. तिचा सांगाडा रेनॉल्ड्स या इंग्रज लेखकाचा. लंडनची गुपिते उघडी करणाऱ्या त्याच्या कादंबऱ्या त्या काळी आपल्याकडील इंग्रजी शिकलेले तरुण अधाशीपणे वाचीत. येथे आम्हांस त्या नऊ गोष्टींची आठवण होते. मराठी कादंबरीच्या या जनकानेही आरंभ उसन्या बंगल्यापासूनच केला होता! फरक एवढाच की, उसन्या घरात त्यांनी माणसे मात्र पुण्याची बसविली. जुने सुटले आणि नवे अंगी मुरले नाही अशा मधल्या पिढीचे दारूचे व्यसन, ढोंग व संसाराची दुर्दशा ही त्यांनी आपल्या आसपास पाहिलेली होती. म्हणून कादंबरी उसन्या सांगाड्याची असूनही पुणेकरांस ती आपली वाटली.

तथापि हरिभाऊंस खरा झरा सापडला तो आपल्याच घराच्या माजघरात. एकत्र कुटुंबात वाढल्यामुळे स्वयंपाकघरातील, विहिरीवरील व हळदीकुंकवातील बायकांचे बोलणे त्यांनी बालपणापासून ऐकले होते. काशीबाई कानिटकर या त्या काळच्या विदुषी. नवऱ्याच्या उत्तेजनाने त्या वाचावयास शिकल्या आणि पुढे स्वतः लेखिका झाल्या. त्यांच्याशी हरिभाऊंचा स्नेह होता व लेखनासंबंधी पत्रव्यवहारही चाले. स्त्रीच्या मनात काय चालते हे पुरुष लेखकाने एखाद्या स्त्रीस विचारून घ्यावे, यात त्यांस कमीपणा वाटला नाही. बाहेर रखमाबाईंचा खटला व संमतिवयाचा वाद यांनी महाराष्ट्र ढवळून निघत होता. व्याख्यानांत व वर्तमानपत्रांत पुरुष पुरुषांशी भांडत होते. जिच्याविषयी भांडण होते ती मुलगी मात्र कोठेच बोलत नव्हती.

हरिभाऊंनी तिला बोलते केले. १८९० च्या सुमारास आलेल्या 'पण लक्षात कोण घेतो' या कादंबरीत यमू नावाची मुलगी आपली कथा स्वतःच सांगते. माहेरचे बालपण, भावाची माया, लहान वयात लग्न, सासरचा जाच, मग मुंबईस नवऱ्यासह थोडे दिवस लाभलेले वाचनाचे व मोकळेपणाचे सुख, आणि त्यानंतर वैधव्य. घरातील वडीलधाऱ्या म्हणविणाऱ्या माणसाच्या कारस्थानाने तिचे बळजबरीने केशवपन होते तो भाग आम्ही शिक्षक असताना वर्गात वाचून दाखविण्याचा प्रयत्न केला होता. तो आमच्याने पुरा झाला नाही. यमूची बोली पुण्याच्या ब्राह्मण घरातील आहे. तिच्यातील कित्येक शब्द बिलोलीच्या मुलांस समजावून सांगावे लागले. परंतु तिचे दुःख समजावून सांगण्याची गरज पडली नाही. विधवांचे हाल ही एकट्या पुण्याची किंवा एकाच ज्ञातीची गोष्ट नव्हती. आपल्या आजीपणजीच्या काळच्या कथा ज्यांनी ऐकल्या आहेत त्यांस अधिक सांगावयास नको.

पुरुषाने स्त्रीच्या तोंडून सबंध कादंबरी सांगावी हा प्रयोग मराठीस नवा होता. तो साधला याचे कारण आमच्या मते असे की, हरिभाऊंनी यमूस पंडिता केले नाही. ती घरगुती बोलते, मध्येच विषय सोडते, लहानशा गोष्टीवर रेंगाळते. कादंबरी लांबली आहे हा आक्षेप खरा आहे, परंतु सासरचा दिवसही लांबच असतो.

१८९० मध्येच त्यांनी 'करमणूक' हे साप्ताहिक सुरू केले. 'केसरी' राजकारणासाठी, 'सुधारक' समाजसुधारणेच्या वादासाठी. घरातील बायकामुलांनी बसून वाचावे असे पत्र मात्र नव्हते, ती उणीव हरिभाऊंनी भरून काढली. हे पत्र १९१७ पर्यंत, म्हणजे सत्तावीस वर्षे चालले. नव्या लेखकास स्फूर्ती कोठून येते असे आम्हांस अनेकदा विचारण्यात येते. हरिभाऊंच्या बाबतीत आठवडा संपत आला की ती येत असे! छापखान्यास मजकूर पाहिजे, वाचक पुढील प्रकरणाची वाट पाहत आहेत, अशा स्थितीत लहर लागण्याची वाट कोण पाहणार? कित्येकदा दोन कादंबऱ्या एकाच वेळी चालू असत. या घाईचे दोषही त्यांच्या लेखनात उतरले आहेत. पाल्हाळ आहे, लेखक मध्येच उठून वाचकास उपदेश करू लागतो, आणि काही कादंबऱ्या तर अपुऱ्याच राहिल्या.

परंतु याच गरजेने त्यांस नवनवे प्रकार हाताळावयास लावले. 'आजकालच्या गोष्टी' या नावाखाली 'यशवंतराव खरे', 'मी' यांसारख्या सामाजिक कादंबऱ्या आल्या. 'मी'चा नायक संसाराचा त्याग करून देशसेवेस वाहून घेतो. गोखल्यांची भारत सेवक समाज ही संस्था त्यानंतर काही वर्षांनी, १९०५ साली निघाली. लहान गोष्टी त्यांनी पुष्कळ लिहिल्या, त्या पुढे 'स्फुट गोष्टी' म्हणून ग्रंथरूप झाल्या. दुष्काळात सापडलेल्या गरिबांवरील 'काळ तर मोठा कठीण आला' ही गोष्ट आम्ही त्यांत सर्वांत वरची मानतो. मराठवाड्याच्या माणसास दुष्काळाची ओळख करून द्यावी लागत नाही, आणि म्हणूनच तिच्यात कोठे खोटे सूर लागले असते तर ते आपल्या कानास आधी लागले असते. मोल्येर या फ्रेंच नाटककाराच्या प्रहसनाचे 'मारून मुटकून वैद्यबुवा' हे रूपांतर त्यांनी केले, 'संत सखूबाई'सारखे नाटकही लिहिले. नाटकांनी त्यांस कादंबऱ्यांइतके यश दिले नाही.

ऐतिहासिक कादंबरीची वाटही प्रथम उसनीच. 'म्हैसूरचा वाघ' ही त्यांची पहिली ऐतिहासिक कादंबरी मेडोज टेलर याच्या टिपू सुलतानावरील इंग्रजी पुस्तकावरून केलेली आहे. हा टेलर निजामाच्या चाकरीत होता, म्हणजे एका अर्थी तो आपल्याच मुलखातला. पुढे १८९५ ते १८९७ या काळात 'उषःकाल' आली, आणि या वेळी सांगाडाही हरिभाऊंचा स्वतःचा होता. शिवाजी महाराजांच्या उदयकाळाचे ते चित्र. राजवाड्यांच्या इतिहाससाधनांचा पहिला खंड १८९८ साली निघाला, म्हणजे 'उषःकाल' लिहिताना तोही हाताशी नव्हता. त्यामुळे तिच्यात इतिहासापेक्षा कल्पना अधिक आहे. मागून तानाजीच्या पराक्रमावरील 'गड आला पण सिंह गेला', मौर्यकाळावरील 'चंद्रगुप्त' इत्यादी कादंबऱ्या आल्या.

या मालिकेतील शेवटली 'वज्राघात' विशेष मनन करण्यासारखी आहे. विजयनगरचे साम्राज्य १५६५ साली बुडाले, त्याची ही कथा. दक्षिणेतील ज्या शाह्या त्या वेळी एकत्र आल्या त्यांत आपल्या शेजारच्या बिदरची बरीदशाहीही होती, म्हणून आम्हांस तिचे अधिक अगत्य. आधीच्या कादंबऱ्यांत हरिभाऊंनी मुसलमान पात्रे पुष्कळशी एकाच रंगाने रंगविली, ही त्यांची मर्यादा आम्हांस मान्य आहे. बिलोलीत हिंदू व मुसलमान यांची घरे भिंतीस भिंत लावून असताना ती आम्हांस जाणवल्यावाचून राहत नाही. परंतु 'वज्राघात'मध्ये रामराजाने टाकलेली मेहेरजान आणि तिचा मुलगा यांच्या दुःखास त्यांनी पूर्ण न्याय दिला आहे. साम्राज्याच्या विनाशाचे बीज एका स्त्रीवरील अन्यायात आहे असे दाखविणारा हा लेखक यमूस विसरला नव्हता.

१९१२ साली अकोल्यास भरलेल्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. पुण्याच्या नगरपालिकेतही त्यांनी अनेक वर्षे काम केले. इतरांच्या लेखनाची त्यांस कदर होती. केशवसुतांच्या कविता 'करमणुकी'त येत, आणि केशवसुत गेल्यानंतर त्यांच्या कवितांचा संग्रह हरिभाऊंनीच प्रसिद्ध केला. तरुणपणी स्वतःस न साधलेली कविता दुसऱ्याची असता त्यांनी अशी सांभाळली. ३ मार्च १९१९ रोजी, वयाची पंचावन्न वर्षे पुरी होण्यास पाच दिवस असताना, ते निवर्तले. 'कर्मयोग' ही त्यांची शेवटची सामाजिक कादंबरी अपुरी राहिली.

वर उल्लेखिलेल्या मुलाची वही अद्याप आमच्यापाशी आहे. पहिल्या चार गोष्टी मुंबईच्या आहेत. पाचवी येसगीच्या पुलाखाली नदीतील वाळू उपसणाऱ्या एका बाईची आहे, व ती अर्ध्यावर सुटली आहे. तिचा उत्तरार्ध लिहून आणल्यावाचून वही परत मिळणार नाही, असा निरोप आम्ही त्याच्या वडिलांकडेच दिला आहे.