विंचू चावला तर एक्स २२ : आजारांच्या कोडमागचा विसरलेला डॉक्टर

नागपूर जिल्ह्यातला पारशिवनी तालुका म्हणजे धानाच्या बांध्या आणि पेंचचं जंगल. रोवणीच्या दिवसात पायाला किडे चावतात, विळ्याने बोट कापतं, मोहफुलं वेचताना मधमाश्या मागे लागतात. लाकडाच्या ढिगाऱ्यात विंचू असतोच. माणूस दवाखान्यात जातो, केसपेपर निघतो, डॉक्टर कीटकदंश असं लिहून मलम देतात. विषय संपला.

पण जगभरच्या आरोग्य खात्यांसाठी तो तिथे संपत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-१० या यादीत बिनविषारी किडा चावला तर डब्ल्यू ५७, विंचू डसला तर एक्स २२, मधमाशी किंवा गांधीलमाशी असेल तर एक्स २३. हे झालं कशामुळे झालं त्याचं. शरीरावर काय झालं याचा कोड वेगळा. पायाच्या किंवा घोट्याच्या वरवरच्या जखमेला एस ९०, विंचवाचं विष अंगात भिनलं तर टी ६३.

एवढ्याशा चाव्याला एवढा खटाटोप कशासाठी? त्यासाठी विल्यम फार या माणसाची गोष्ट माहीत पाहिजे.

विल्यम फारचा जन्म १८०७ चा, इंग्लंडमधल्या श्रॉपशायरच्या केनली गावात. घरची गरिबी. जोसेफ प्राइस नावाच्या एका सधन गृहस्थाने लहानपणीच त्याला सांभाळायला घेतलं. १८२८ मध्ये प्राइस गेले. जाताना त्यांनी मागे ठेवलेल्या पैशांवर विल्यम पॅरिसला डॉक्टरी शिकायला गेला. तिथे रोग्यांची मोजदाद करून निष्कर्ष काढायची नवी पद्धत त्याच्या डोक्यात बसली. लंडनला परतून त्याने दवाखाना थाटला, पण तो काही फारसा चालला नाही. १८३७ मध्ये त्याची बायको क्षयाने वारली.

त्याच वर्षी इंग्लंडमध्ये जन्म-मृत्यूची सरकारी नोंदणी सुरू झाली. फार त्या कार्यालयात आकडे जुळवायच्या कामावर लागला आणि पुढची चाळीसेक वर्षं तिथेच राहिला.

कामाला बसल्यावर त्याला दिसला तो गोंधळ. एकाच रोगाला चार डॉक्टर चार नावं देत. काही जण रोग सोडून नुसतं लक्षण लिहीत. अशा नोंदींची बेरीज करून हाती काय लागणार? म्हणून त्याने मृत्यूच्या कारणांची यादी बांधायला घेतली. पुढे तिचे पाच गट झाले : साथीचे रोग, सगळ्या शरीराचे रोग, एकेका अवयवाचे रोग, वाढीशी निगडित रोग आणि पाचवा गट बाहेरच्या आघाताने आलेल्या मृत्यूंचा.

यादी करणं म्हणजे निरुपद्रवी कारकुनी, असं वाटत असेल तर पुढचा किस्सा वाचा. पहिल्याच अहवालात फारने ६३ मृत्यूंच्या पुढे कारण म्हणून उपासमार लावली. गरिबांच्या मदतीचा कायदा राबवणारे एडविन चॅडविक खवळले. उपासमारीने माणसं मेली हे सरकारी कागदावर आलं, तर त्यांचा कायदाच उघडा पडत होता. त्यांनी आकड्यावर जाहीर हरकत घेतली. फार मागे हटला नाही. मेळघाटातलं मूल कुपोषणाने गेलं की आजाराने, हा वाद आपण वर्षानुवर्षं ऐकतोय. त्याची जात तीच.

फार नेहमी बरोबर होता असं मात्र नाही. कॉलरा घाण हवेने पसरतो असं तो बरीच वर्षं मानत होता. जॉन स्नो पाण्याकडे बोट दाखवत होता, ते त्याला पूर्ण पटेना. १८६६ मध्ये पूर्व लंडनमध्ये साथ आली तेव्हा मात्र त्याने स्वतःच आकडे लावले आणि ते एका पाणी कंपनीच्या नळांपाशी जाऊन थांबले. स्नो तोवर वारला होता.

फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या गाजलेल्या आकडेवारीमागेही फारची मदत होती. भारतातल्या ब्रिटिश छावण्यांमध्ये सैनिक लढाईपेक्षा रोगानेच जास्त मरत होते, त्या प्रश्नावरही दोघांनी काम केलं.

१८८० च्या सुमारास कार्यालयाचं सर्वोच्च पद रिकामं झालं. ते फारला मिळेल असं अनेकांना वाटत होतं, पण ते दुसऱ्यालाच दिलं गेलं. फार निवृत्त झाला आणि १८८३ मध्ये वारला.

दहा वर्षांनी, १८९३ मध्ये, पॅरिसच्या झाक बर्तियों यांनी शिकागोच्या परिषदेत मृत्यूच्या कारणांची आंतरराष्ट्रीय यादी मांडली. तिच्यात फारचीच विभागणी बरीचशी उतरली होती. यादीला नाव मात्र बर्तियोंचं लागलं. ती दर काही वर्षांनी सुधारत गेली, पण अजूनही प्रामुख्याने मेलेल्यांचीच होती. १९४८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सहावी आवृत्ती काढली आणि तिच्यात आजार आणि दुखापतीही घेतल्या. दुखापतीला दोन कोड, एक जखमेचा आणि एक कारणाचा, हेही त्याच आवृत्तीत आलं. विंचू चावूनही जो वाचला, त्याला या यादीत जागा मिळाली ती तेव्हा.