काव्याध्यापक अत्रे

प्रल्हाद केशव अत्रे (१८९८–१९६९) यांच्यातील नाटककार, संपादक व वक्ता यांची चर्चा पुष्कळ झाली. शिक्षक मात्र काहीसा उपेक्षित राहिला. पदवीनंतर त्यांनी अध्यापनाचा पेशा पत्करला, पुण्याच्या कॅम्प एज्युकेशन सोसायटीच्या शाळेचे मुख्याध्यापकपद सांभाळले आणि १९२८ साली लंडन विद्यापीठाची टी. डी. ही पदविका संपादन केली. तत्पूर्वीच ‘केशवकुमार’ या नावाने लिहिलेल्या ‘झेंडूची फुले’मध्ये त्यांनी समकालीन कवींच्या लकबींचे विडंबन केले होते. विडंबनकाराला मूळ कवितेची लय, शब्दकळा व कृत्रिमता नेमकी ओळखावी लागते. हीच जाण पुढे ‘नवयुग वाचनमाले’च्या संपादकाला उपयोगी पडली. कविता म्हणजे पाठांतर आणि तात्पर्य, या रूढ समजुतीला त्यांच्या ‘आजीचे घड्याळ’ या कवितेतच उत्तर आहे. आजीचे घड्याळ कोणालाच दिसत नाही. त्याला किल्ली नाही, टिकटिक नाही. कोंबड्याचे आरवणे, सरकणारे ऊन अशा खुणा कवितेत विखुरलेल्या आहेत. कवी उलगडा करीत नाही. तो मुलाने स्वतःच करावयाचा असतो. अर्थ सांगून टाकणारा शिक्षक मुलाचा हा आनंद हिरावून घेतो. अत्र्यांच्या काव्याध्यापनाचे मर्म या संयमात आहे.